काकू गेल्याचं मला स्टेटसवरून कळावं?

लांब लिहिणार आहे. वेळ नसेल तर पुढे जा, पण कृपा करून न वाचता अंगठा देऊ नका. आज मला तो अंगठा बघवणार नाही.

शाळेपासूनच्या माझ्या मैत्रिणीची आई गेली. इथल्या, इंदौरच्या रामबागेतल्या काकू. लहानपणी मी आमच्या घरी कमी आणि त्यांच्या स्वयंपाकघरात जास्त जेवले असेन. माझ्या लग्नात रुखवत त्यांनी मांडलं होतं. त्या परवा गेल्या, परवाच त्यांना पंचकुइयाच्या स्मशानात नेलं, आणि मला कळलं आज सकाळी. तेही सून फोनवर व्हॉट्सॲपची स्टेटसं चाळता चाळता म्हणाली, "आई, या त्या रामबागेतल्या काकूच ना?" म्हणून. हार घातलेला फोटो, खाली उठावन्याची, म्हणजे सांत्वनाला जमण्याची वेळ. परवाचं स्टेटस तोवर विरूनही गेलं होतं. हे कालचं होतं.

तशीच उठून गेले. मैत्रीण गळ्यात पडून रडली, मीही रडले. मग न राहवून विचारलं, "अगं, मला एक फोन नाही केलास?" तिने खरोखरच आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं. "स्टेटसला ठेवलं होतं ना. तू पाहिलं नाहीस?"

तिथे काही बोलले नाही. ती बोलण्याची जागा नव्हती. पण घरी आल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. काकू गेल्याचं सांगणं तिच्या लेखी झालं होतं. कुणाला सांगितलं, कुणाला नाही, हा प्रश्नच उरला नव्हता. सगळ्यांना दिसलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं. हे आपल्याला कधीपासून चालायला लागलं?

मला आज आत्याची फार आठवण येते आहे. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी तिला पाहिलेलं आहे. मुलगा मेलबर्नला गेला, तेव्हा साठी उलटलेली असताना ती रामबागेजवळच्या एका सायबर कॅफेत जाऊन रेडिफमेलवर ई-मेल लिहायला शिकली. घरी काँप्युटर नव्हता. आठवड्यातून एकदा जायची, पर्समध्ये घडी घातलेला कागद असायचा. त्यावर कुणाला काय लिहायचं ते घरूनच टिपून न्यायची. मराठी, पण रोमन लिपीत, कारण तिथे दुसरी सोयच नव्हती. तरी सुरुवातीला "सप्रेम नमस्कार" आणि शेवटी "कळावे" असायचंच.

तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यानंतरची गोष्ट. पट्टी सुटल्यावर ती कॅफेत बसली आणि एकेकाला लिहू लागली. कॅफेतला मुलगा भला होता. म्हणाला, "आजी, एकच मेल लिहा, सगळ्यांचे पत्ते एकदम टाकून देतो, तासाचे पैसे वाचतील." आत्या म्हणाली, "माझ्या भावाला आणि माझ्या वहिनीला एकच गोष्ट कशी सांगू रे? दोघांची काळजी वेगळी आहे."

आणि खरंच प्रत्येकाला वेगळं लिहिलं. माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या भावाला, डोळ्याबद्दल एक ओळ आणि मग "तुझ्या गुडघ्याचं काय ते खरं लिही, वहिनी सांगते ते नको." पुण्यात डॉक्टरकी शिकणाऱ्या भाच्याला भिंग कोणतं बसवलं, थेंब किती वेळा घालायचे, सगळा तपशील. एका जावेशी तिचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, तिला फक्त एवढंच की आता दिसायला लागलं आहे, तुझ्या हातचं लिंबाचं गोड लोणचं पाठव. मला लिहिलं की डॉक्टर ऑपरेशन करताना हळू आवाजात भजन लावतात, तर मी म्हटलं आवाज वाढवा, डोळा कापताय, कान नाही. माझी मुलगी तेव्हा महिन्याची होती, मी रात्र रात्र जागत होते, मला हसवायला लिहिलं होतं हे मला नंतर समजलं. आणि मेलबर्नच्या मुलाला ऑपरेशन होईपर्यंत पत्ताच लागू दिला नाही. सगळ्यात शेवटी, सगळं नीट झाल्यावर त्याला कळवलं, कारण तो तिकडे बसून नुसता तळमळला असता.

कुणाला, काय, कधी आणि किती सांगायचं, हे तिने प्रत्येकाचा चेहरा डोळ्यांसमोर आणून ठरवलं होतं. आपण हेच करणं सोडून दिलं आहे. माझं सगळं भांडण एवढ्यासाठी आहे.

आता कुणी म्हणेल, ताई, तुम्ही मशीनच्या विरोधात आहात. मुळीच नाही. भारतात लोकांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएल या सरकारी कंपनीचं, आणि तेही आधी मोजक्या मोठ्या शहरांत. तोवर ज्यांच्याकडे मेल होता तो ऑफिसातल्या नाहीतर विद्यापीठातल्या मशीनला बांधलेला. मग ४ जुलै १९९६ ला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल काढलं. कुठल्याही काँप्युटरवर बसा, ब्राउझर उघडा, आपली पत्रं आपल्यासमोर. ज्या बाईच्या घरी काँप्युटर नाही तिलाही जगात स्वतःचा पत्ता मिळाला तो त्यामुळे. माझी आत्या त्यामुळेच लिहू शकली. याचे उपकार मी विसरणार नाही.

तेव्हा जागाही थोडी असायची. हॉटमेलवर २ एमबी, याहूवर ४. पेटी भरली की बसून ठरवावं लागायचं, काय ठेवायचं, काय काढायचं. आत्या जपायचे ते मेल छापून घ्यायची आणि फाइलला लावायची. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं, एकदम १ जीबी घेऊन, तर लोकांना ती एप्रिल फूलची थाप वाटली होती. आमंत्रणाशिवाय खातं उघडत नव्हतं, त्यामुळे आमंत्रणासाठी ओळखी काढल्या जायच्या. मग जागा इतकी झाली की काही काढायची गरजच संपली, आणि निवडून ठेवण्याची सवयही संपली. पुढे प्रत्येक दुकान, बँक, विमा, रेल्वे, सगळे मेल आयडी मागू लागले. आज माझ्या पेटीत काय आहे? स्टेटमेंट, ओटीपी, आणि वर्षानुवर्षं ज्या दुकानाची पायरी चढले नाही तिथली सेल. २०१३ मध्ये तर जीमेलला जाहिरातींसाठी वेगळा कप्पाच करून द्यावा लागला. त्या ढिगात माणसाचं पत्र आलं तरी दिसणार कसं? माझ्या एका भाच्याला मी त्याच्या मुलीच्या बारशाला मोठा मेल लिहिला होता. तो त्याने कित्येक आठवड्यांनी पाहिला, का, तर "मावशी, मेलवर माणसं असतात हे लक्षातच येत नाही."

त्याला मी रागावले नाही. तो खोटं बोलत नव्हता.

माणसं गेली होती दुसरीकडे. आधी ऑर्कुटवर, म्हणजे फेसबुकसारख्याच एका जुन्या साइटवर. तेही २००४ चंच. आपल्या इंदौरची सगळी कॉलेजची पोरं तिथे होती, तुम्हाला आठवत असेल. नातवाने आत्याला कौतुकाने आपलं पान दाखवलं. सुरुवातीच्या काळात ऑर्कुटचं स्क्रॅपबुक, म्हणजे ज्या वहीत मित्र एकमेकांना निरोप लिहीत ती, कुणालाही वाचता यायचं. आत्या बराच वेळ वाचत बसली आणि मग म्हणाली, "ही मुलं पत्र लिहून दारावर का चिकटवतात?" आम्ही सगळे हसलो तेव्हा. पण तिने नेमकं बोट ठेवलं होतं. वर नाव एकाचं, पण लिहिताना मनात बाकीचे वाचणारे. एका माणसाशी बोलताना गर्दीकडे बघायची सवय तिथून लागली.

मग फेसबुक. सप्टेंबर २००६ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि त्याच महिन्यात न्यूज फीड आली. त्याआधी मैत्रिणीचं काय चाललंय हे बघायला तिच्या पानावर जावं लागायचं, म्हणजे निदान तिची आठवण तरी काढावी लागायची. फीड आल्यावर तेही नको. सगळ्यांचं सगळं आपोआप पुढ्यात. तेव्हा वापरणाऱ्यांनी आरडाओरडा केला होता, कंपनीला खुलासा द्यावा लागला होता. आज कुणाला आठवतं? २००९ मध्ये लाइकचं बटण आलं आणि शब्दांचीही गरज उरली नाही. आता तर जीमेल उत्तरसुद्धा तयार करून देतं, नुसतं बोट लावायचं. आजारपणाच्या पत्राखाली "गेट वेल सून" आयतं हजर!

आणि मग हे चोवीस तासांचं स्टेटस. २०१७ पासून व्हॉट्सॲपवर आहे. सकाळी ठेवायचं, दुसऱ्या सकाळी गायब. सहलीचे फोटो ठेवा, नव्या साडीचा ठेवा, माझी काही तक्रार नाही. पण मरणाची बातमी? चोवीस तासांत ज्याने उघडलं नाही त्याच्यासाठी ते माणूस गेलंच नाही?

मैत्रिणीने फोन माझ्यासमोर धरला होता. "बघ, किती लोकांनी पाहिलंय." दोनशेच्या वर आकडा होता. मी विचारलं, घरी किती आले? ती गप्प बसली. आमच्या शाळेच्या ग्रुपवरही कुणीतरी तोच फोटो टाकला होता म्हणे, मी त्या ग्रुपमधून पूर्वीच बाहेर पडले आहे. त्याखाली ओळीने जोडलेले हात, "भावपूर्ण श्रद्धांजली" एकमेकांचं बघून चिकटवलेली, आणि अर्ध्या तासात त्याच ग्रुपवर कुणाचं तरी फुलांचं "शुभ सकाळ". त्या मुली काकूंच्या हातचे पोहे खाऊन मोठ्या झाल्या आहेत! त्यांच्यातल्या एकीलाही वाटलं नाही की अरे, ही ग्रुपवर नाही, हिला एक फोन करू? माझा नंबर सगळ्यांकडे आहे. मी राजेंद्रनगरला राहते, मंगळावर नाही.

पूर्वी मरणाचं पोस्टकार्ड यायचं, कोपरा फाडलेलं. मजकूर सगळ्यांना तोच असायचा, दोन ओळींचा. पण वर पत्ता हाताने लिहिलेला असायचा. कुणीतरी घरात बसून यादी काढायचं, एकेक नाव आठवायचं, "अगं, त्या स्नेहलतागंजच्या वहिनींना लिहिलं का?" असं विचारायचं. दुःखाच्या घरात तेवढी माणसं पुन्हा एकदा आठवली जायची.

थांबते जरा. मैत्रिणीवर मला राग काढायचा नाही. भाऊ अमेरिकेत, नवऱ्याला मधुमेह, काकूंची शेवटची दहा दिवसांची धावपळ हिने एकटीने केली. रात्री दोन वाजता हॉस्पिटलचं बिल भरत असताना दीडशे फोन करायचे कुणी? तिने फोटो ठेवला आणि मोकळी झाली, मी तिच्या जागी असते तर मला तरी बळ कुठून आलं असतं. माझा प्रश्न त्या दोनशे जणांना आहे. त्यातल्या दहांनी जरी पाच पाच फोन वाटून घेतले असते तरी काकूंच्या शेवटच्या दर्शनाला मी पोचले असते. काकूंचा चेहरा मी पाहिला नाही. हे आता बदलणार नाही.

हो, मान्य आहे, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात याच ग्रुपांवर ऑक्सिजनचे आणि बेडचे पत्ते मिळाले आणि माणसं वाचली. हेही मान्य, की हे सगळं नसतं तर इतक्या वर्षांनी तुम्ही सगळे मला सापडला नसता, आणि म्हणूनच हे इथे लिहिते आहे. तरीही.

तरीही मला सांगा, तुम्हाला शेवटचं असं कधी कुणी लिहिलं, जे फक्त तुमच्यासाठी होतं? जे दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं तर त्याला कळलंच नसतं? आत्याचा तो डोळ्याचा मेल माझ्याकडे छापलेला आहे. कपाटात, मुलीच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर. ती मुलगी आता नोकरीला लागली. मध्यंतरी तिने तो वाचला आणि म्हणाली, "आई, आजीला माहीत होतं की तू दमली आहेस?" हो, माहीत होतं. त्यात माझ्या दमण्याबद्दल एक अक्षर नाही, पण पोरीला वीस-पंचवीस वर्षांनी ते दिसलं.

आता कामाचं. आत्याचे बाकीचे मेल ज्यांना गेले त्यांच्या जुन्या खात्यांत आहेत, असतील तर. याहू वर्षभर न उघडलेली पेटी रिकामी करतं. गूगल डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकतं. मायक्रोसॉफ्टमध्येही दोन वर्षांत एकदा तरी आत जावं लागतं. आपल्यातल्या किती जणांच्या आई-वडिलांची, सासू-सासऱ्यांची पत्रं अशी पडून असतील! आजच उघडा. पासवर्ड आठवत नसेल तर जुना फोन नंबर चालू आहे तोवर सोडवून घ्या. जीमेलची सगळी पत्रं एकदम उतरवून घ्यायला गूगलचं टेकआउट आहे, फुकट आहे.

मेलबर्नच्या दादाला, पुण्याच्या भाच्याला आणि त्या जावेच्या सुनेला मी आज दुपारी वेगवेगळे मेल लिहिले आहेत आणि "पेटी बघा" असे फोनही केले आहेत. बाबांचं याहूचं खातं मात्र मला उघडत नाही. बाबा गेल्यावरही मी ते अधूनमधून उघडत असे, आता ते नव्या फोनवर कोड मागतं आणि तो कोड येतो कुठे तेच समजत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या मुलाला-मुलीला यातलं कळत असेल तर रविवारी सकाळी माझ्याकडे पाठवा. पोहे-जलेबी माझ्याकडून. आणि येण्याआधी खाली कॉमेंट टाकू नका, फोन करा.