‘त्याचप्रमाणे’ फाशी झाली म्हणे!

आज दुपारी भाचीची निबंधाची वही हातात आली आणि तेव्हापासून डोके ठिकाणावर नाही. विषय होता ‘सोलापूरचे चार हुतात्मे’. वहीतली वाक्ये जशीच्या तशी देतो : “गांधीजींना अटक झाली. तसेच सोलापुरात आंदोलन झाले. शिवाय मार्शल लॉ लागू झाला. त्याचप्रमाणे चौघांना फाशी देण्यात आली.” वाक्ये जोडणाऱ्या प्रत्येक शब्दाखाली लाल शाईची रेघ, समासात बरोबरची खूण आणि शेवटी शेरा : ‘जोडशब्दांचा वापर उत्तम.’ शिकवणीच्या वर्गात भिंतीवर म्हणे अशा शब्दांचा तक्ताच लावलेला आहे आणि त्यातले शब्द परिच्छेदात जितके जास्त, तितके गुण जास्त.

त्याचप्रमाणे फाशी! अहो, मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आली म्हणून हे शहर रस्त्यावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला, त्यामुळे लोक अधिकच खवळले. इंग्रजांचा शहरावरचा ताबा सुटला, म्हणून तर १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारावा लागला. आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फासावर चढवले, ते सोलापूरला जरब बसावी म्हणूनच. एकीतून दुसरी अशा घडत गेलेल्या या घटना त्या निबंधात वाणसामानाच्या यादीसारख्या एकीखाली एक बसल्या आहेत, आणि त्याला आपण चांगले लेखन म्हणायचे!

माझे थोरले काका एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहीत आणि संध्याकाळी ओसरीवर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. येणाऱ्यांत विडी वळणाऱ्या बायका पुष्कळ असत. घरी तेलुगू बोलणाऱ्या, मराठी कामापुरते. त्यांपैकी एकीचे गाऱ्हाणे मला अजून आठवते : “कार्डावर नाव माहेरचं. बँकेत सासरचं. फंड येईना. नवरा वारला. पोरीचं लगीन हाय.” काका लगेच पेन उचलत नसत. ते विचारत, “अक्का, हे झालं म्हणून ते झालं, का ते वेगळंच?” ती बाई थांबून विचार करी, बोटांवर काहीतरी मोजी आणि मग सांगे. त्यानंतर कागदावर उतरे ते असे : “माझे नाव कार्डावर माहेरचे असून बँकेच्या खात्यावर सासरचे आहे, त्यामुळे फंडाची रक्कम जमा होत नाही, सबब नावातील फरक दुरुस्त करून मुलीच्या लग्नासाठी रक्कम लवकर मिळावी, ही विनंती.” नवरा वारल्याचे वाक्य काकांनी गाळले, कारण नावाच्या घोळाशी त्याचा संबंध नव्हता. मुलीचे लग्न मात्र ठेवले, कारण घाई कशासाठी आहे हे साहेबाला कळायला हवे होते.

काकांजवळ कसला तक्ता नव्हता. उभयान्वयी अव्ययांचे समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक हे प्रकार स्पर्धा परीक्षेची मुले आज घडाघडा म्हणून दाखवतात. काकांना ते कधी कोणी विचारलेही नसतील. पण ‘त्यामुळे’ लिहिताना आपण एक दावा करतो आहोत आणि तो खोटा ठरला तर अर्ज परत येईल, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

त्या अर्जातला ‘असून’ पुन्हा एकदा पाहा. मराठीला जोडण्यासाठी दर वेळी वेगळा शब्द लागत नाही. क्रियापदच पुढच्या क्रियापदाचा हात धरते. ‘येऊन’, ‘बसून’, ‘पाहिल्यावर’, ‘सांगूनही’ एवढ्याने वाक्य पुढे सरकते, आणि त्यातल्या शेवटच्या ‘ही’त तर अख्खा ‘तरीसुद्धा’ मावतो. ‘जर’ गाळला तरी ‘तर’ अर्थ सांभाळतो. एवढी सोय घरात असताना आम्ही परिच्छेदाच्या तोंडाशी ‘परिणामी’ लिहून पुढे स्वल्पविराम टाकतो. ‘मात्र’चे हाल तर बघवत नाहीत. ‘पाऊस मात्र आला नाही’ म्हणताना तो ज्या शब्दाला चिकटायचा, तिथून त्याला उपटून हल्ली वाक्याच्या डोक्यावर बसवतात : ‘मात्र, पाऊस आला नाही.’ बातम्यांत रोज वाचतो आणि रोज चिडतो.

मुलांना निदान हे शब्द माहीत तरी होतात, असे कोणी म्हणेल. होतात, मान्य आहे. आणि वह्यांचा ढीग तपासणाऱ्याला प्रत्येक मुलाच्या मनात शिरून विचार तपासायला सवड नसते, हेही मला दिसते. शेरा लिहिणारी बाई किंवा बुवा जो कोणी असेल, त्याच्यावरचा माझा राग हे लिहिता लिहिता बराच ओसरला आहे. भाचीवर तर तो नव्हताच. जे मागितले तेच तिने दिले. वाईट याचे वाटते, की “अटक झाली म्हणून आंदोलन झाले, की ते वेगळेच?” असे तिला कोणीही विचारले नाही. फंडाच्या अर्जासाठी आलेल्या बाईला जो प्रश्न काकांच्या ओसरीवर फुकट मिळत होता, तो फी भरूनही या पोरीच्या वाट्याला आला नाही.

माझ्या मित्रयादीत शिक्षक पुष्कळ आहेत, म्हणून त्यांना विनंती. भिंतीवरचा तक्ता उतरवा आणि फळ्यावर दोनच वाक्ये लिहा : ‘वीज गेली. माग बंद पडले.’ मुले ‘त्यामुळे’ म्हणतील. मग लिहा : ‘वीज आली. माग बंदच राहिले.’ इथे कोणी ‘तरीही’ म्हणेल, आणि एखादा मागवाल्याचा मुलगा हात वर करून विचारेल, की सर, सूत संपले होते की कामगार संपावर होते? त्याला आधी बोलू द्या.