पिवळे पान, कसर आणि शेवटचा शक

पुण्याच्या पेठांमधले जुने वाडे उतरवताना माळ्यावरून रुमालात बांधलेल्या पोथ्या निघतात, तेव्हा एक मजकूर हमखास फिरतो: पान पिवळे असेल, कसरीने खाल्लेले असेल आणि शेवटी शक दिलेला असेल, तर पोथी तेवढी जुनी समजावी, जाणकाराला दाखवण्याची गरज नाही. या खुणा निरुपयोगी नाहीत, पण त्या अशा वाचायच्या नसतात.

पिवळेपणाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. चिंध्यांपासून हाताने केलेला कागद शतकांनंतरही बळकट राहतो, तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला लाकडाच्या लगद्याचा कागद काही दशकांतच पिवळा पडून ठिसूळ होतो. काही पोथ्यांचा पिवळा रंग तर मुद्दाम दिलेल्या हरताळाचा, म्हणजे एका पिवळ्या खनिजाचा असतो. चुकलेली अक्षरेही हरताळानेच झाकत; ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातलाच.

कसरीने पाडलेले भोक वय सांगत नाही, क्रम सांगते. भोकाने अक्षर मधोमध तोडले असेल तर लेखन आधीचे. पण अक्षरे भोकाला वळसा घालून गेली असतील, किंवा शाई भोकाच्या कडेत झिरपली असेल, तर जुन्या कोऱ्या कागदावर कोणीतरी नंतर लिहिले आहे, आणि बनावटीचा संशय इथूनच सुरू होतो. लागोपाठच्या पानांवरची भोके एकमेकांशी जुळत नसतील, तर मधले पान दुसरीकडून आलेले असू शकते.

शकाचा मुद्दा सर्वांत फसवा, कारण तो लिखित पुरावा वाटतो. नकलकार पुष्पिकेसह, म्हणजे पोथीच्या शेवटच्या समाप्तीच्या मजकुरासह, मक्षिकास्थाने मक्षिका करीत असल्यामुळे मूळ प्रतीचा शकही नकलेत जसाच्या तसा उतरतो. समजा, पोथीच्या शेवटी शके १६९०, म्हणजे इ. स. १७६८ आहे, आणि पान उजेडासमोर धरल्यावर विलायती कागदाच्या जलचिन्हात १८१२ हे साल दिसते. इंग्लंडमध्ये १७९४ नंतर असे साल घालण्याची पद्धत रूढ झाली. अशा वेळी शक मूळ प्रतीचा, आणि हाती असलेली नक्कल १८१२ च्या आधीची असणे जवळपास अशक्य.

शिवाय या मजकुरासोबत फिरणाऱ्या छायाचित्रांतली पोथी हस्तलिखित आहे, हेही आधी ठरवावे लागते. शिळाप्रेसवर, म्हणजे हाताने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवून, छापलेल्या पोथ्यांचे अक्षर हाताचेच असते. मात्र बोरू शाईत बुडवल्यावर गडद आणि मग फिकट होत जाणारी ओळ त्यांत दिसत नाही.