पानाला भोक पडलं की फवारणीची बाटली आधी बाजूला ठेवा

मुलांच्या बागकामाबद्दल बरेच दिवस मनात साचलंय, ते आज लिहून काढते. मोठी पोस्ट आहे, सवडीने वाचा.

मुलांना मातीत हात घालायला लावायचा उत्साह हल्ली सगळीकडे दिसतो आणि त्याचा मला मनापासून आनंद होतो. पण बहुतेक ठिकाणी गाडी एकाच स्टेशनवर थांबते. बी पेरलं, पाणी घातलं, कोंब आला, फोटो काढला. मुलाच्या डोक्यात हिशोब बसतो की बी आणि पाणी मिळालं की झाड होतं. पुढे पानाला पहिलं भोक पडतं आणि मोठी माणसं बाटली घेऊन धावतात. माझं म्हणणं एवढंच आहे की निसर्गातली नाती शिकवायला सुरुवात होते ती त्या भोकापासून. नेमकं तेच आपण मुलांच्या डोळ्यांसमोरून पुसून टाकतो.

मावा या किडीचंच घ्या. कोवळ्या शेंड्यावर, पानाच्या खालच्या बाजूला हिरवे-काळे बारीक ठिपके दाटीने बसलेले असतात. ज्या शाळेच्या बागेत मी मुलांबरोबर काम करते, तिथे एका मुलीच्या हातात भिंग दिलं होतं. ती कितीतरी वेळ वाकून बघत बसली आणि मग तिने विचारलं, "ताई, मुंगी त्याला खात का नाही? नुसती टपल्या मारतेय." अगदी बरोबर बघितलं होतं तिने. मुंगी मिशांनी माव्याला हलके थोपटते आणि मावा मागच्या बाजूने गोड चिकट थेंब सोडतो. मावा झाडाचा रस शोषतो, त्यातली जास्तीची साखर बाहेर टाकतो आणि मुंगी ती पिते. त्या बदल्यात मुंग्या माव्याची राखण करतात, त्याला खायला आलेल्या ढालकिड्यांना (लेडीबग) हुसकावून लावतात. उरलेला चिकटा खालच्या पानांवर सांडतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि पानाला ऊन कमी मिळायला लागतं. एका शेंड्यावर एवढा संसार चाललेला असतो!

याच्याही मागे जाता येतं. मावा याच झाडावर एवढा का आला? बरेचदा उत्तर आपल्याच हातात असतं. नत्राचं खत जास्त झालं की झाड भराभर कोवळी, रसाळ वाढ करतं आणि माव्याला तीच हवी असते. खताची मूठ, कोवळं पान, मावा, मुंगी, ढालकिडा अशी साखळी मुलं स्वतः जुळवतात, तेव्हा पाठ्यपुस्तकातल्या अन्नसाखळीच्या बाणांना पहिल्यांदा अर्थ येतो.

इथे मोठ्यांनी धीर धरायला हवा, कारण ढालकिडा लगेच येत नाही. आधी मावा वाढतो, मग त्याला खाणारे वाढतात. मधले काही दिवस झाड केविलवाणं दिसतं आणि आपला हात शिवशिवतो. त्या दिवसांत विषारी फवारणी केली तर मावा मरतोच, पण त्याला खाणारेही मरतात. मावा मात्र नराशिवाय भराभर पिल्लं घालतो, त्यामुळे तो आधी सावरतो आणि आता त्याला अडवणारं कुणी उरलेलं नसतं. ढालकिड्याची अळीही मुलांना जरूर ओळखायला शिकवा. काळपट, लांबट, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी दिसते. लाल गोल ढालकिडा सगळ्यांना आवडतो, पण अळीला मात्र लोक कीड समजून चिरडतात. मावा फस्त करण्यात तीही काही कमी नसते.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. 'निसर्गात सगळे एकमेकांना मदत करतात' असा गोड पाक करून आपण मुलांना भरवतो. झाडं जमिनीखालून गप्पा मारतात, मोठं झाड आईसारखं छोट्यांना जेवू घालतं, वगैरे. मुळं आणि बुरशी यांची भागीदारी खरी आहे, बहुसंख्य झाडांमध्ये आहे. बुरशी स्फुरद (फॉस्फरस) आणि पाणी आणून देते, झाड तिला साखर देतं. पण त्या जाळ्यातून झाडं एकमेकांना खरंच किती पोसतात यावर शास्त्रज्ञांचे वाद अजून चालू आहेत. मुलांना तेवढंच सांगावं. आणि बहुतेक नाती ही खाण्याची आणि खाल्लं जाण्याची असतात, हेही सांगावं. मुलं घाबरत नाहीत. पक्ष्याने अळी उचलली तर क्षणभर हळहळतात आणि लगेच विचारतात, घरट्यात पिल्लं असतील का?

लिंबाचं एक रोप कुंडीत लावा. फुलपाखरू कोवळ्या पानांवर एकेक अंडं घालून जातं. त्यातून निघालेली अळी सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याची शीट दिसते, त्यामुळे पक्षी तिच्याकडे वळत नाहीत. मोठी झाली की हिरवी होते, पानात मिसळून जाते. काडीने हळूच डिवचलं तर डोक्यामागून दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलं किंचाळतात, हसतात, पुन्हा बघायला येतात. रोपाची पाच-दहा पानं जातात, जाऊ द्यात. फुलपाखरू हवं आणि अळी नको, हे जमणार नाही, आणि हे मुलाला समजावून सांगायचीही गरज पडत नाही.

भोपळ्याचा वेलही असाच. नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या खाली इवलासा भोपळा आधीच असतो. फूल एकाच सकाळी उमलतं. त्या वेळात मधमाशी फिरकली नाही, तर तो इवलासा भोपळा पिवळा पडून गळून जातो. 'मधमाश्या महत्त्वाच्या आहेत' हे वाक्य मुलं पाठ करतात आणि विसरतात. गळलेला तो भोपळा हातात घेतलेलं मूल विसरत नाही. ते विचारतं, मग मधमाश्या आल्या का नाहीत? तेव्हा सांगता येतं की जगात मधमाश्यांच्या सुमारे २०,००० जाती आहेत, त्यातल्या बहुतेक पोळं न बांधता एकेकट्या राहतात, आणि खूपशा उघड्या जमिनीत बीळ करून अंडी घालतात. म्हणजे अंगणभर फरशी घातली की वरची फुलं शाबूत राहिली तरी खालचं घर गेलं. गुलाबाच्या पानांच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसतात ना? तेही अशाच एका एकांड्या माशीचं काम. घरट्याला अस्तर लावायला नेते ती.

वाल किंवा चवळीचं रोप उपटून मुळांवरच्या गाठीही दाखवा. एक गाठ नखाने फोडली की आत गुलाबी रंग दिसतो. तिथे जिवाणू हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं जवळचं भावंड असलेल्या प्रथिनामुळे तो गुलाबी रंग येतो.

चार्ल्स डार्विनने १८५४ पासून पुढे काही वर्षं घराच्या बागेत भुंगमाश्यांचे ठरलेले मार्ग शोधले, ते स्वतःच्या मुलांना जागोजागी उभं करून. गांडुळांना ऐकू येतं का हे बघायला तर घरच्यांनी त्यांच्यापुढे पियानो वाजवला, बासून हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवलं. गांडुळं ढिम्म. कुंडी पियानोवर ठेवून सूर छेडला तेव्हा मात्र कंपनं जाणवून बिळात पळाली. गांडुळांचं हे सगळं १८८१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, डार्विनने छापून प्रसिद्ध केलं. थोर शास्त्रज्ञाचं काम घरातल्या पोरांच्या मदतीने, कुंडीभर मातीत होऊ शकतं, हे मुलांना ऐकवायला मला फार आवडतं.

सुरुवात करायची असेल तर फार काही लागत नाही. एक भिंग, एक वही, लिंबाचं रोप, भोपळ्याचा वेल. एक कोपरा असा ठेवा जिथे कुणी झाडणार नाही, पालापाचोळा तसाच पडू द्या. मुलांनी रोज बघून जे दिसलं ते काढायचं, नाव माहीत नसलं तरी चालेल. गांधीलमाशीचं पोळं दिसलं तर लांबूनच बघायचं, एवढं मात्र बजावून सांगा. आणि शिक्षकांना माझी कळकळीची विनंती, 'सर्वात सुंदर कुंडी' अशी स्पर्धा ठेवू नका. बक्षीस द्यायचंच असेल तर ज्या कुंडीत सगळ्यात जास्त प्रकारचे जीव सापडले तिला द्या.