चावडीतली १९१४–१९१९ ची पाटी: फिरत्या संदेशाला उत्तर

‘या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतके लोक गेले, पैकी इतके कामी आले’ अशा आशयाची लहानशी संगमरवरी पाटी सातारा जिल्ह्यासह महाराष्ट्रातील अनेक गावांत आढळते. सध्या फिरणाऱ्या एका संदेशात तिच्याविषयी चार दावे केले आहेत: साल चुकीचे कोरले आहे, तिच्यावर शहिदांची नावे आहेत, हे सर्व एकाच जातीचे होते, आणि ते भाडोत्री असल्यामुळे ही गुलामीची खूण काढून टाकावी. एकाच माणसाला शहीद आणि भाडोत्री अशी दोन्ही विशेषणे कशी लागू पडतात, हे संदेशकर्त्यालाच ठाऊक.

सालाचा प्रश्न लगेच सुटतो. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी झाली ती शस्त्रसंधी. जर्मनीशी तह व्हर्सायला २८ जून १९१९ रोजी झाला. त्या काळच्या पुष्कळ स्मारकांवर म्हणूनच १९१९ आहे.

जातीचा दावाही टिकत नाही. मराठा पलटणी मोठ्या संख्येने लढल्या हे खरे, परंतु १९१७ मध्ये १११वी महार पलटणही उभारली गेली होती. पाटीवर तर जातीचा उल्लेखच नसतो, केवळ ‘माणसे’ असतात.

‘भाडोत्री’ हा आरोप मात्र सविस्तर तपासला पाहिजे. हिंदुस्थानात सक्तीच्या भरतीचा कायदा नव्हता आणि शिपायाचा मासिक पगार ११ रुपये होता, त्यामुळे पोटासाठी गेलेले पुष्कळ होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु भरती म्हणजे इंग्रजांची चाकरी, एवढेच समीकरण त्या काळी नव्हते. खुद्द लोकमान्य टिळक हिंदी लोकांनी सैन्यात जावे असे म्हणत होते, मात्र त्याबरोबर स्वराज्याचे हक्क आणि सैन्यात अधिकारपदे मिळावीत, ही त्यांची अट होती. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना ती मांडू दिली नाही, तेव्हा ते सभा सोडून निघून गेले.

शिवाय ११ रुपयांच्या मोबदल्यात काय वाट्याला आले, तेही पाहावे. १०३वी, ११०वी आणि ११७वी या तिन्ही मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत अल् अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. सुमारे पाच महिने वेढा चालला, धान्य संपत आले आणि घोडे कापले जाऊ लागले, तेव्हा धर्माच्या कारणाने अनेक हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारले. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि कैद्यांना वाळवंटातून पायी नेण्यात आले. त्यांतले पुष्कळ परतलेच नाहीत.

आता नावांचा दावा. या पाट्यांवर सहसा आकडेच असतात. मी पाहिलेल्या एका पाटीवर चुन्याचे इतके हात बसले होते की दुसरा आकडा बोटाने चाचपून वाचावा लागला. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात, ज्याला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात, मृतांचा आकडा ४६ सांगितला जातो. इराकमधील बसऱ्याच्या मोठ्या युद्धस्मारकावरही असेच घडले: तिथे अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या दिली गेली. म्हणजे जिथे माणूस पडला तिथेही तो आकडाच राहिला, आणि जिथून गेला तिथेही. गौरव करून घेणाऱ्या साम्राज्याविरुद्ध सर्वांत मोठा पुरावा तो दगडच देतो. तो उखडला तर पुरावाच जाईल.

ती नावे मिळणे मात्र अशक्य नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत अनेक हिंदी शिपायांच्या नावापुढे पलटण, बापाचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला आहे. इंग्रजी वर्णलेखनामुळे गावाचे नाव ओळखू येत नाही, तेव्हा जुन्या तालुक्यांची यादी शेजारी ठेवून एकेक नोंद मोठ्याने वाचावी लागते.