तो ‘मुक्त बाजार’ होता कधी?

नमस्कार. प्रतिक्रिया सडेतोड आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं असं, की 1965 मध्ये सरकारने मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, आणून मुक्त बाजारात नाक खुपसलं, म्हणून अमेरिकेत उपचार महागले. नाहीतर पेशंटने चार ठिकाणी भाव काढून बरा दवाखाना निवडला असता.

आता 1929 मध्ये चला. डलासच्या बेलर हॉस्पिटलची बिलं थकत होती. त्यांनी शाळाशिक्षकांना सांगितलं, महिना 50 सेंट भरा, वर्षात 21 दिवस हॉस्पिटलात राहायची सोय. पुढे ब्लू क्रॉस हा मोठा आरोग्य विमा उभा राहिला तो याच धर्तीवर. म्हणजे विम्याची घाई पेशंटपेक्षा हॉस्पिटललाच जास्त होती. मग महायुद्ध. 1942 पासून पगारवाढीला सरकारी लगाम, पण विम्याला सूट. कामगार मिळेनात, तेव्हा कंपन्यांनी पगाराऐवजी विमा पुढे केला. 1954 च्या करकायद्याने मालक भरतो त्या हप्त्यावर कर नाही, हे पक्कं केलं. सरकारने नाक खुपसलं हे अगदी मान्य, फक्त तुमचं साल चुकलं.

या व्यवस्थेत नोकरी नसलेले म्हातारे उघडे पडले, म्हणून मेडिकेअर आलं. त्याने खर्चाच्या आगीत तेल ओतलं, हेही खरं. 1983 पर्यंत हॉस्पिटल दाखवील तो खर्च भरून मिळायचा. पण तोच पैसा मिळवायचा तर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या हॉस्पिटलांना गोऱ्या-काळ्यांचे वेगळे वॉर्ड बंद करावे लागले. तुमच्या हिशेबात हे कुठेच नाही.

राहिला भाव काढायचा मुद्दा. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाला पोटदुखीसाठी इमर्जन्सीत नेलं. नंतर घरी विमा कंपनीचा कागद आला. वर ठळक अक्षरात ‘धिस इज नॉट अ बिल’. खाली हॉस्पिटलने लावलेली रक्कम, कंपनीशी ठरलेली रक्कम आणि त्याचा वाटा, तिन्ही आकडे वेगळे. बिलं मागाहून, आणि स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरचं आणखी निराळं. पोट धरून बसलेल्या माणसाने भाव कुणाला विचारायचा? 2021 पासून हॉस्पिटलांना दर जाहीर करावे लागतात, पण त्या अगडबंब फायली संगणकानेच वाचाव्यात.

मावसभाऊ तिथे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, विमाही नोकरीतूनच. नोकरी गेली तर तोच विमा काही महिने चालू ठेवता येतो, पण मालकाचा वाटाही स्वतःच्या खिशातून भरून. मेडिकेअर उद्या रद्द झालं, तर त्याच्या बाबतीत काय स्वस्त होईल, तेवढं सांगा.