प्रीमिअर पद्मिनी गाडीच्या पंख्याबद्दल मिळालेल्या एक-स्टार रिव्ह्यूला उत्तर

दादा, नमस्कार. तुमचं लिहिलेलं रात्री वाचलं. लगेच उत्तर दिलं असतं तर तोल गेला असता, म्हणून सकाळी दुकान उघडून, तुमच्या गाडीचं जॉबकार्ड समोर ठेवून लिहितोय.

तुमच्या तक्रारी अशा: १९७८च्या पद्मिनीला रेडिएटर गार करणारा इलेक्ट्रिक पंखा बसवायचे ४,३०० रुपये घेतले. महिन्याच्या आत कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग, जळाला, वायर वितळली, बॅटरी दोनदा उतरली. पंखा उलटा बसवलाय असं दुसऱ्या मिस्त्रीने सांगितलं. लग्नाला जाताना कन्नड घाटात गाडी उकळली, आणि दुकान चार दिवस बंद.

कपलरची चूक माझी. पंखा भंगारातल्या मारुती ८००चा होता, बिलावर ‘जुना’ असं लिहिलेलंच आहे. पण त्याच्यासोबत आलेला कपलरही मी तसाच ठेवला, तो बदलायला हवा होता. आतल्या पितळी पिना सैल झाल्या होत्या. हा पंखा साधारण १० अँपिअर ओढतो, म्हणजे दोन हेडलाइट मिळून जेवढं खातात तेवढं हा एकटा खातो. सैल पिनेत ओहमचा दहावा भाग अडथळा आला तरी तिथल्या तिथे १० वॅटची उष्णता तयार होते. अंगठ्याएवढ्या प्लास्टिकमध्ये बारीक सोल्डरिंग आयर्न खोचून ठेवावं तसं झालं ते. वर एक व्होल्ट तिथेच खर्च होतो, म्हणून पंखाही मरगळल्यासारखा फिरत होता. तुम्ही मागाहून याच लाइनवर प्रेशर हॉर्न जोडला, पण तो जोड कपलरच्या अलीकडे आहे, हॉर्नचा करंट कपलरमधून जातच नाही. त्यामुळे हॉर्नकडे बोट दाखवून मला सुटता येणार नाही. नवा कपलर साठ-सत्तर रुपयांचा, तेवढ्यासाठी हे सगळं वाचायला लागलं.

वितळलेली वायर मात्र मी माझ्या अंगावर घेणार नाही. बॅटरीपासून वीतभर अंतरावर २० अँपिअरचा फ्यूज आणि तिथून रिलेच्या, म्हणजे पंखा चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, ३० नंबरच्या पिनला चार एमएमची वायर, असं काम मी करून दिलं होतं. हॉर्नवाल्याने बारीक वायर टाकली, ती ग्रिलच्या पत्र्यावर घासून सोलली आणि बॉडीला लागली. फ्यूज उडाला, त्याचं कामच ते. त्या जागी कोणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घातली. ती मी डबीत जपून ठेवलीय, आलात की दाखवतो. चांदी काही उडत नाही, मग वायरच जळते. नशीब, शेजारून पेट्रोलचा पाइप जात नव्हता.

आता बॅटरी. इथे अर्धी चूक माझी, अर्धी गाडीच्या वयाची. तुमच्या गाडीला चार्जिंगसाठी अल्टरनेटर नाही, जुन्या पद्धतीचा डायनॅमो आहे. तो चांगला पळत असेल तेव्हा जेमतेम २० अँपिअरच्या आसपास देतो. स्लोवर गाडी उभी असली की डायनॅमोला बॅटरीशी जोडणारा कटआउट सुटतो, लाल दिवा लुकलुकतो आणि चार्जिंग जवळजवळ शून्य. आणि इलेक्ट्रिक पंख्याची गरज नेमकी तेव्हाच! मोकळ्या रस्त्याला साठच्या स्पीडने जाताना समोरची हवाच रेडिएटरची जाळी गार ठेवते, पंखा बहुतेक बंदच असतो. सिग्नलला, रेल्वे फाटकाला, बाजारात तो सुरू होतो आणि सगळा करंट बॅटरीतून काढतो. गाडीचा जुना पंखा बेल्टवर होता, त्याला बॅटरीचं देणंघेणं नव्हतं. तेव्हा मी म्हणालो होतो, ‘दादा, अल्टरनेटर टाकून घ्या’. तुम्ही म्हणालात, ‘पुढच्या महिन्यात बघू’. त्यावर मी काम थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही.

त्यात अजून एक. चावी काढल्यावरही पंखा चालू राहतो, हे तुम्ही बिघाड म्हणून लिहिलंय. तो बिघाड नाही, मी मुद्दाम तसं ठेवलं होतं. रेडिएटरवरचा थर्मोस्विच ९२ अंशाला लागतो, ८७ला सुटतो, तोवर गाडी उभी असली तरी पंखा फिरावा म्हणून रिलेचा ८६ नंबर थेट बॅटरीवर घेतला होता. अल्टरनेटरच्या गाडीत, ठणठणीत बॅटरी असेल तर चालून जातं. तुमच्या गाडीत नको होतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४४-४५ अंशांत उभी केलेली गाडी लवकर निवत नाही, पंखा फिरतच राहतो. आता तो ८६ इग्निशनवर घेतो, चावी काढली की पंखा बंद.

पंखा उलटा नाही. तो जाळीच्या मागे, इंजिनच्या बाजूला आहे, म्हणजे त्याने पुढून हवा ओढून मागे फेकायची. बॉनेट उघडल्यावर गरम झोत तुमच्या तोंडावर आला, म्हणून मिस्त्रीला तसं वाटलं असेल. पंखा चालू असताना ग्रिलसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा. जाळीला चिकटला तर बरोबर आहे, फडफडून लांब गेला तर मी दोषी.

घाटाचं सगळ्यात जास्त लागलं मला. तुम्हीच लिहिलंय की चाळीसगावपर्यंत काही त्रास नव्हता, चढ लागल्यावर, रांगेत दुसऱ्या गिअरवर, गाडी तपली. पुढून हवा नाही, इंजिनवर पूर्ण लोड, पंखा सतत चालू, आणि शेवटी ती वायर जळून तोही बंद पडला. गाडी टो होऊन आल्यावर मी इंजिन गरम करून बंद केलं आणि जाळीवर हात फिरवला. दोन्ही कडा चटके देत होत्या, मधला पट्टा कोमट. म्हणजे मधल्या नळ्यांतून पाणी जातच नाही. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं की चुन्याचा थर बसतो, खान्देशातल्या निम्म्या जुन्या गाड्यांची हीच गत आहे. तिथे पंखा कितीही हवा ओढो, आत पाणीच फिरत नसेल तर तो गार काय करणार? तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हाच ‘गाडी तपनी, भाऊ’ म्हणाला होतात. तेव्हाच हात फिरवला असता तर पंख्याआधी तुम्हाला रेडिएटरवाल्याकडे पाठवलं असतं. तुम्ही पंखा मागितला, मी पंखा विकला.

दुकान बंद होतं ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. दोन दिवस, चार नाही. फोन उचलायला हवा होता.

तर आता असं करू. नवा कपलर, ८६ची वायर बदलणं आणि सगळे लग, म्हणजे वायरींच्या टोकाच्या पट्ट्या, सोल्डर करणं, याचा एक रुपया घेणार नाही. पहिल्या कामाच्या मजुरीचे ९०० रुपये परत. जळालेल्या वायरिंगचं सामान तुमच्याकडे, मजुरी माझ्याकडे. टो गाडीचे पैसे मागितलेत, ते मी देणार नाही, कारण घाटात पंखा बंद पडला तो त्या चांदीने, माझ्या वायरने नाही. रेडिएटर उघडून, टाकी सोडवून नळ्यांत रॉड मारून घ्या, नंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घाला, बोअरचं नको. अल्टरनेटरचं तुम्ही ठरवा. तो टाकेपर्यंत रात्री बाजारात हेडलाइट आणि पंखा एकदम चालले की बॅटरी उतरणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मंगळवार सोडून कधीही या, पण सकाळी, गाडी गार असताना. रेडिएटरचं झाकण वाटेत उघडू नका. आणि हॉर्न काढून टाकू नका, त्याला वेगळा फ्यूज आणि वेगळा रिले लावून देतो.