दीड मैल

जावयाला नाही म्हणायचं नसतं. अधिक महिन्यात त्याला अनारसे द्यायचे, आणि तो म्हणाला "आई, चालायला जाऊ या", की मुकाट्याने बूट घालायचे. माझा जावई स्वीडिश आहे म्हणून या नियमाला सूट मिळत नाही. मिळायला हवी होती, असं मला आता वाटतं.

त्याचं मराठी चांगलं आहे. लेकीने शिकवलंय. 'साडेएक' आणि 'साडेदोन' त्याच्या तोंडातून जायला वर्ष लागलं, पण आता दीड, अडीच, पावणेदोन सगळं येतं. मला सरळ 'तू' म्हणतो. पहिल्यांदा माझ्या थोरल्या जाऊबाईंनी भुवया उंचावल्या होत्या. पण त्यांच्या देशात गेल्या 50-60 वर्षांपासून सगळेच सगळ्यांना 'तू' म्हणतात, तिथे सासूचं काय घेऊन बसलात! तर हा एप्रिलमध्ये फोनवर म्हणाला, "आई, जुलैत ये. उत्तरेला डोंगरात जाऊ. पहिल्या दिवशी फक्त दीड मैल."

दीड मैल! म्हणजे धड अडीच किलोमीटरही नाही. तेवढी तर मी रोज सकाळी सारसबागेत फिरते आणि येताना कोथिंबीर निवडून घेते. एवढ्याशासाठी इतक्या लांब कशाला जायचं, असं मनात आलं. पण जावई.

स्टॉकहोमहून संध्याकाळी गाडीत बसलो, रात्र झालीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी अबिस्कोला उतरलो. आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला, जवळपास 200 किलोमीटर वर. तिथे एक लाकडी कमान आहे आणि तिच्यातून कुंग्सलेडेन नावाची वाट सुरू होते. कुंग्सलेडेन म्हणजे राजाची वाट. ती दक्षिणेला हेमावानपर्यंत सुमारे 440 किलोमीटर जाते. राजा स्वतः कधी चालला असेल असं वाटत नाही. राजे शहाणे असतात.

सुरुवात छान झाली. बाजूला कातळ कापत जाणारी नदी, दोन्हीकडे बुटकी बर्चची झाडं, आणि दलदल आली की तिच्यावर दोन-दोन फळ्या जोडून टाकलेल्या. नदीचं पाणी तसंच ओंजळीने प्यायचं, फिल्टर नाही, उकळणं नाही. आमच्या गडांवर वर पोचलं की लिंबू सरबतवाली मावशी असते, इथे कुणीच नव्हतं, पण दीड मैलात सरबत कशाला हवं?

दीड तासाने विचारलं, "आलं का रे?"

"खूप छान चालतेयस, आई. चौथा भाग झाला."

मी मनात हिशेब केला. दीड मैलाचा चौथा भाग म्हणजे 600 मीटर. दीड तासात 600 मीटर! गुडघ्यांबद्दल इतकी वर्षं मी जी बढाई मारत होते ती तिथल्या तिथे उतरली. लेकीला हळूच म्हटलं, "परत गेल्यावर जरा हाडांचा डॉक्टर बघू या." तीही घाबरली.

आणि मग डास आले. आले म्हणजे काय, ते तिथेच होते, आम्ही आलो. वारा पडला आणि झाडीतून ढगच उठला. डोक्यावर जाळीची टोपी होती. जाळीच्या बाहेर शंभर, आणि आत एक. तो एक माझ्या चष्म्याच्या आतल्या बाजूने काचेवर चालत होता. मी त्याचे पाय मोजू शकत होते. त्याला मारायला जाळी उचलावी तर बाहेरचे शंभर टपलेले, आणि वरून थापट मारावी तर चष्मा नाकात. त्यात पायाखाली दोन फळ्या आणि बाजूला चिखल. "इथल्या डासांनी डेंग्यू होत नाही," जावई म्हणाला. त्याला तो दिलासा वाटत होता. पुण्याहून नेलेलं मलम मी थापलं होतं, पण त्यांनी ते लोणच्यासारखं तोंडी लावलं असावं.

पुढे एके ठिकाणी पाटी दिसली. मुक्कामाचं नाव, अबिस्कोयाउरे, आणि पुढे आकडा: 8 किलोमीटर.

मी जागीच बसले. डासांना हेच हवं होतं.

तेव्हा कुठे उलगडा झाला. स्वीडनमध्ये मैल म्हणजे 10 किलोमीटर. त्यांचा जुना मैलही साधारण तेवढाच लांब होता. 1889 मध्ये मेट्रिक मापं आली तेव्हा त्यांनी तो टाकून दिला नाही, नेमका 10 किलोमीटरचा करून घरात ठेवला, जसं आपण जुन्या लुगड्याची गोधडी करतो. जावई तोंडभर हसत म्हणाला, "पण दीड बरोबर होतं ना?"

दीड बरोबर होतं.

संध्याकाळी सातला, म्हणजे लख्ख उन्हात, तळ्याकाठच्या झोपडीत पोचलो. तिथे वीज नाही, नळ नाही. पाणी तळ्यातून आपणच आणायचं आणि लाकडंही आपणच फोडायची, वर राहायचे पैसे द्यायचे. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, जावयाने टूथपेस्टसारखी ट्यूब काढून पावावर माशाची अंडी पिळली. रात्री दोनला संडासाला निघाले (तोही झोपडीपासून लांब), तर सूर्य डोंगरावर बसलेला. जन्मात पहिल्यांदा टॉर्च न घेता, पण गॉगल लावून गेले.

सकाळी जावयाने नकाशा उलगडला. "आई, पुढचा मुक्काम दोन मैल."

मी नाही म्हणाले. पिढ्यांची परंपरा मोडली. तो जराही रागावला नाही, लगेच नकाशाची घडी घातली. हे आधी माहीत असतं तर मी एप्रिलमध्येच म्हटलं असतं.

त्याच वाटेने, त्याच डासांतून अबिस्कोला परतलो. आल्याबरोबर पुण्याहून भावाचा फोन. रोज पर्वती चढतो आणि ते सगळ्यांना सांगतो.

"काय मग, किती चाललीस?"

"दोन दिवसांत तीन मैल," मी म्हटलं.

पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.